वामनच्या हातचा रंग

कोळंबीच्या पाटीतून पिस्तूल निघेल, असं कुणाला वाटेल? गोजराबाईने नेहमीसारखी पाटी माझ्या उंबऱ्याशी टेकवली, वरचा ओला फडका बाजूला सारला, आणि कोळंबीचा वाटा मांडायच्या ऐवजी खालून एक पुडकं उपसून माझ्या पुढ्यात ठेवलं. लुगड्याच्या चिंधीत प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत काळं, जड, लांब नळीचं पिस्तूल. नळीवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली.

मी आधी दार लावून घेतलं आणि मग तिच्यावर खेकसलो. वाशीच्या सेक्टर एकमध्ये तेव्हा माणसं कमी आणि खिडक्या जास्त होत्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणी पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत पोलीस दारात आले असते. गोजराबाई शांत होती. माझं ओरडणं तिच्या सवयीचं होतं. करावे गावातून ती एक दिवसाआड मासळी घेऊन यायची, मी भावावरून तिच्याशी हुज्जत घालायचो आणि शेवटी ती म्हणेल तोच भाव द्यायचो.

"मिस्त्री, मानूस मारायचं नाय ते," ती म्हणाली. "त्याच्या गोलीत रंग हाय."

मी मिस्त्री नव्हतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. हवेचे, वाफेचे, गॅसचे व्हॉल्व्ह उघडायचे, त्यांचं दुखणं शोधायचं आणि परत बसवायचे, हे माझं काम. पण शेजाऱ्यांचे स्टोव्ह आणि पंप दुरुस्त करून देणाऱ्याला लोक मिस्त्रीच म्हणतात. जयप्रकाश हे माझं नाव त्या बिल्डिंगमध्ये फक्त टपालवाल्याला माहीत असावं.

रंगाचं पिस्तूल मी कधी पाहिलं नव्हतं. हातात घेऊन फिरवलं तेव्हा जरा उलगडा झाला. खाली एक छोटा गॅसचा बल्ब बसायची जागा, मागे तो आवळायचा स्क्रू, वर गोळी सोडायची खाच. गॅस सुटला की गोळी जाऊन फुटायची आणि रंग उडायचा. अमेरिकेत जंगलातल्या तोडायच्या झाडांवर लांबून खूण करायला असलं पिस्तूल वापरतात, असं तिचा नवरा वामन तिला सांगून गेला होता.

हा वामन मूळचा मिठागरातला. जमिनी सिडकोने घेतल्या, मिठागरं बंद पडली, तसा त्याने होडी विकली आणि बोटीवर खलाशी म्हणून लागला. पहिल्या सफरीत त्याची बोट लाकूड भरायला अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात लागली होती. तिथल्या वखारीतल्या एका गड्याला त्याने आपला चांगला स्वेटर दिला आणि बदल्यात हे पिस्तूल, थोडे बल्ब आणि नळीभर गोळ्या घेऊन आला. थंडीच्या देशात स्वेटर देऊन रंग आणणारा माणूस. मला तो न बघताच आवडला, आणि त्याचा रागही आला.

तो ऐन शिमग्याला घरी पोचला. धुळवडीच्या सकाळी गोजराबाई पाणी भरून येत होती, तर हा समोरच्या होडीआडून उठला आणि तिच्या नव्या लुगड्यावर त्याने निळी गोळी हाणली. अख्खं गाव हसलं. रंग तेलाचा होता, तो धुऊन गेलाच नाही. ते लुगडं ती नेसत नव्हती, पण टाकलंही नव्हतं. हे सांगताना ती दंडावर हात चोळत होती, गोळी तिथे लागली असणार.

दुसऱ्या सफरीला वामन गेला तो आलाच नाही. कंपनीने एवढंच कळवलं की अमुक बंदरात तो उतरला आणि परत बोटीवर चढला नाही. त्यालाही आता तीनेक वर्षं होत आली होती. मेला म्हणावं तर मेल्याची खबर नाही. जिवंत म्हणावं तर पत्र नाही, निरोप नाही.

आता तिने पिस्तूल माझ्याकडे का आणलं, ते सांगतो. त्यांच्या घराण्यात एक चाल होती. धुळवडीला लग्न झालेल्या बाईच्या अंगावर पहिला रंग तिच्या धन्याचा पडायचा, तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. धनी समुद्रावर असेल तर त्याचं वल्हं रंगात बुडवून तिच्या खांद्याला टेकवायचं. वल्हं त्याच्या हातातलं, म्हणजे रंगही त्याच्याच हातचा. पण वामनने होडीबरोबर वल्हीही विकलेली. दोन वर्षं घरातल्यांनी चालवून घेतलं. यंदा त्याचे चुलते गोटीराम, म्हणजे तिचे चुलत सासरे, म्हणाले की आता पुरे. यंदा धाकट्या दिराने, नामाने, रंग लावावा. दिराच्या हातचा रंग घेतला की बाईने धन्याची वाट बघणं सोडलं, असं त्यांच्यात धरत. मग ती माहेरी जायला मोकळी, दुसरं घर करायलाही मोकळी. बेलापूरच्या एका विधुराने विचारूनही ठेवलं होतं.

गोटीराम वाईट माणूस होता, असं तिने एकदाही म्हटलं नाही. उलट म्हातारा तिच्या भल्याचंच बोलत होता, आणि तिची अडचण नेमकी तीच होती. शेवटी तिने पिस्तूल पुढे केलं. हेही त्याच्या हातातलं, गोळीतला रंगही त्याने आणलेला. गोटीरामने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला की बरं, धुळवडीला हे उडालं तर वामनचा रंग मानू, नाही उडालं तर नामाचा. तिने लगेच बल्ब बसवून पाहिला. नुसतं फुस्स झालं आणि सगळा गॅस नळीतून निघून गेला. राहिलेले बल्बही तसेच फुकट गेले.

"तुमी वॉल बसवता ना?" तिने विचारलं. "ह्याचा वॉल बसवा. मना नामाचा रंग नको."

मी म्हणालो की बघतो, पण हमी देत नाही. मी हमी कुणालाच देत नसे.

त्या रविवारी मी ते पिस्तूल उघडलं. गॅस नळीच्या तोंडातून जात होता, म्हणजे बल्बची बैठक ठीक होती आणि गळती आतल्या व्हॉल्व्हची होती. रचना साधी होती. एक पितळी बैठक, तिच्यावर स्प्रिंगने दाबून धरलेली एक पिन, पिनेच्या बुडाला टोपणासारखा एक प्लास्टिकचा वॉशर. चाप ओढला की हातोडा पिनेवर आपटतो, वॉशर क्षणभर बैठकीवरून उचलला जातो, गॅस सुटतो आणि वॉशर परत बसतो. परत नीट बसला नाही तर सगळा गॅस वाहून जातो. मी पिन बाहेर काढली आणि बोटाला लाल लागलं. पितळी बैठकीत कुंकू होतं, वॉशरच्या तोंडावर कुंकू होतं, आणि कडेला अक्षतेचा एक अख्खा दाणा होता.

गोजराबाई दर दसऱ्याला पिस्तुलाची पूजा करत होती. कोयता, विळी, पाटी आणि पिस्तूल. धन्याचं हत्यार म्हणून नळीत खोबरेल सोडत होती, वरून हळदकुंकू आणि अक्षता वाहत होती. खोबरेलाने रबरी रिंगा फुगून सैल झाल्या होत्या. कुंकवातली कच वॉशरमध्ये रुतून त्याला कडेपर्यंत चरा पडला होता. नवऱ्याच्या नावाने तिने इतक्या जिवापाड जपलं, त्या जपण्यानेच ते बिघडलं. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. माझं कपाट मी असंच लावून ठेवलं होतं, वैजयंतीच्या साड्यांचा खण रिकामा ठेवून.

वैजयंती माझी बायको. ती गिरगावात, माहेरी होती. वाशीचा फ्लॅट ताब्यात आला तेव्हा ती येऊन बघून गेली. दिवे येत-जात होते, पाण्याची वेळ ठरलेली नव्हती, बस चुकली तर पुढची कधी ते देवाला ठाऊक. ती म्हणाली, इथे माणसं राहायला आली की मला बोलाव. मी म्हणालो, मी माणूस नाही का? तेवढ्यावरून भांडण झालं. भांडण त्याच संध्याकाळी संपलं, अबोला मात्र वर्ष उलटलं तरी चालू होता. तिची शाळेतली नोकरी तिकडे होती, माझी इकडे. मध्ये खाडी, खाडीवर पूल, आणि पुलावरून जायला मी तयार नव्हतो. मला तिची आठवण यायची. रोज यायची. हे मी तेव्हा कुणी विचारलं असतं तरी कबूल केलं नसतं.

कंपनीतल्या जुन्या, बाद झालेल्या व्हॉल्व्हदुरुस्तीच्या किटमधून मला मापाच्या रिंगा मिळाल्या. बैठक मी बारीक पेस्ट लावून घासून घेतली. वॉशरसाठी आधी रबर कापून बसवून पाहिलं. पण खरी परीक्षा करायला गॅस हवा होता. तिचे बल्ब संपलेले, आणि असले बल्ब मुंबईत मिळायचे कुठे? खूप डोकं खाजवलं तेव्हा आठवलं की असा बल्ब मी रोज संध्याकाळी एका माणसाच्या हातात पाहिला आहे. तो माणूस म्हणजे माझे सासरे, रावसाहेब. त्यांना सोडा घरचाच लागायचा. त्यांच्या सायफनच्या बाटलीला असलाच गॅसचा बल्ब लागे, आणि तसल्या बल्बांचा डबा त्यांच्या कपाटात असे.

आता आली का पंचाईत? गोजराबाईच्या नवऱ्यासाठी मला सासऱ्याच्या दारात उभं राहायचं होतं. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी गोजराबाई दारात आली, काही विचारलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि कोळंबी न विकताच निघाली. त्या संध्याकाळी मी कामावरून परस्पर गिरगावची बस पकडली.

दार वैजयंतीनेच उघडलं. तिचा चेहरा क्षणभर असा उजळला की मी दारातच विरघळलो. मनात आलं, कशाला हवा तो व्हॉल्व्ह. पण माझी जीभ म्हणजे माझी शत्रू. मी म्हणालो, "सोड्याचे बल्ब हवे होते."

ती बाजूला झाली. रावसाहेब आरामखुर्चीत होते, त्यांनी वर्तमानपत्र खाली करून मला पाहिलं आणि पुन्हा वर केलं. मी तिला स्वयंपाकघरात सगळी हकीगत सांगितली. वैजयंती ऐकताना हातातलं काम थांबवते, ही तिची जुनी सवय. कणीक तशीच परातीत राहिली. वामन, निळी गोळी, वल्हं, नामाचा रंग, कुंकू. मग तिने विचारलं की तो कधीच नाही आला तर? मी म्हणालो की ते मला काय माहीत, मी फक्त व्हॉल्व्ह बघतोय.  तिने बापाच्या डब्यातून मूठभर बल्ब काढून पिशवीत घातले आणि म्हणाली की धुळवडीला तीही करावेला येणार, तिला ही बाई बघायची आहे.

परतीच्या बसमध्ये मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. पुलावर वारा फार होता. माझ्या शेजारचा माणूस मला काही विचारत होता, त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

सोड्याचा बल्ब मूळच्यापेक्षा आखूड होता, म्हणून मी मागे बसवायला पितळेचा एक तुकडा कातून घेतला. रबरी वॉशरने पहिल्या चापाला झकास काम केलं आणि दुसऱ्याला गॅसने फुगून तो फाटला. मग नायलॉनची कांडी कातून नवा वॉशर केला. तोही जरा गळत होता, पाण्यात बुडवलं की नळीच्या तोंडातून बुडबुड्यांची बारीक माळ निघायची. म्हणून मी दमदार स्प्रिंग घातली. बुडबुडे थांबले, पण आता हातोडा पिनेला उघडेना, व्हॉल्व्ह इतका घट्ट बसला की चाप ओढला की नुसतं टक्. मग परत जुनी स्प्रिंग, परत वॉशर घासणं. रात्रपाळी करून आलो तरी सकाळी तेच. अखेर एका दुपारी पिस्तूल बादलीत बुडवून धरलं आणि एकही बुडबुडा आला नाही. बाहेर काढून चाप ओढला, खणखणीत आवाज झाला, आणि पुन्हा बादलीत धरलं तरी पाणी स्वच्छ. मी एकटाच घरात टाळी वाजवली.

गोजराबाईला मी गोळ्यांची नळी आणायला सांगितलं होतं. ती आली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच कळलं. गोळ्यांचं कवच औषधाच्या कॅप्सूलसारखं असतं. खाडीच्या दमट हवेत इतके पावसाळे गेल्यावर त्या एकमेकींत विरघळून निळा गोळा झाला होता. मी ब्लेडने हलकेच सोडवत गेलो. एक फुटली, दुसरी फुटली. बाकीच्या चपट्या झालेल्या, नळीत बसणार नाहीत अशा. शेवटी तळातली एक धड निघाली, किंचित चेपलेली, पण गोल.

मी म्हणालो की गोजराबाई, एकच आहे.  गोळी तिने तळहातावर घेतली आणि उन्हाकडे धरून आत बघितलं. मग माझ्याकडे परत दिली.

धुळवडीच्या दिवशी मी आणि वैजयंती करावेला पोचलो. ती गिरगावातून सकाळच्या बसने एकटी आली, मी डेपोत उभाच होतो. बसमधून उतरताना तिने हात पुढे केला, आणि मी तो धरला. एवढ्यानेही माझा दिवस गोड झाला. गावात ढोल चालू होता. बंदरावर होड्या चिखलात टेकलेल्या, पोरं रंगाने माखलेली. गोटीराम ओटीवर बसला होता, पांढरी टोपी, डोळे थोडे अधू. नामा बाजूला रंगाची थाळी घेऊन उभा होता, अवघडलेला. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. गोजराबाई मात्र पांढऱ्या काठाचं स्वच्छ लुगडं नेसून अंगणाच्या मध्यात उभी होती. गावात तेवढीच एक बाई कोरी.

जवळून गोळी लागली तर दुखेल, म्हणून मी आणि नामाने पिस्तूल होडीच्या काठाला दोरीने पक्कं बांधलं. चापाला सुतळी लावली. सुतळी कुणी ओढायची, यावर आधीच घोळ झाला होता. नामाने ओढली तर रंग नामाचा झाला असता, मी ओढली तर माझा. गोटीरामने सांगितलं की तिची तिनेच ओढावी, म्हणजे मध्ये कुणाचा हात नको. बल्ब मी आवळला, कान लावून ऐकलं, गळती नव्हती. गोळी आत सोडली. सुतळीचं टोक गोजराबाईच्या हातात दिलं आणि बाजूला झालो. ढोल थांबला होता.

तिने सुतळी बोटाला गुंडाळली. ती पिस्तुलाकडे बघत होती. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. मी मनातल्या मनात वॉशरसाठी देवाची प्रार्थना करत होतो. आणि तिने सुतळी बोटावरून सोडवली.

"काका, ही येकच गोली हाय," ती गोटीरामला म्हणाली. "आज उडाली तं पुढल्या शिमग्याला मी काय दावू तुमाला?"

"पुढल्या शिमग्याला दावायची गरज पडू नये, म्हनून तं सांगतोय पोरी," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "तुजं सगलं आयुष्य जायचं हाय."

"रंग आत हाय. त्याचा हाय. तो येल आनि लावील."

"आनि नाय आला तं?"

"तं आतच र्‍हाईल."

 नामाने थाळी खाली केली. गोटीरामने डोळे मिटले, मग उघडून माझ्याकडे वळवले. उडालेला रंग मानायचं ठरलं होतं, न उडालेल्याचं काय ते ठरलं नव्हतं. भरलेलं पिस्तूल म्हणजे रंग धरायचा की नाही, हे आता गॅसवर येऊन ठेपलं, आणि गॅसचा माणूस मी होतो.

"मिस्त्री," तो म्हणाला, "वारा किती दिस धरल त्यो?"

खरं उत्तर मला माहीत होतं. नायलॉनचा घरगुती वॉशर, सोड्याचा बल्ब. काही महिने धरेल, वर्ष नाही. मी आयुष्यात कुणाला हमी दिली नव्हती. माझ्या शेजारी वैजयंती उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"मी आहे तोवर धरेल," मी म्हणालो. "दर वर्षी तपासून देईन. जबाबदारी माझी."

 गोटीरामने हात वर केला, जसा कुणाला निरोप देताना करतात, आणि गोजराबाईला म्हणाला, "र्‍हा मंग यंदा कोरी."

ढोल परत सुरू झाला आणि माणसं हलली. आमच्याभोवतीही बायका रंग घेऊन धावल्या, पाहुणीला कोण सोडतंय? वैजयंती दोन पावलं मागे सरकली आणि हसत म्हणाली, "थांबा, पहिला ह्यांचा." बायका थबकल्या. नामाची थाळी कुणीतरी माझ्यापुढे केली. मी माणूस व्हॉल्व्हचा, बोटांना तेल लागलेलं. त्या तेलकट बोटांनी मी गुलाल घेतला आणि तिच्या गालाला लावला.  मला तिला सांगायचं होतं की घरी चल, आजच चल, दिवे गेले तर जाऊ देत. त्याऐवजी मी बोटं रुमालाला पुसली. वर बघितलं तर गोजराबाई अंगणाच्या मध्यातून आमच्याकडे बघत होती. तिच्या त्या बघण्यात हेवा नव्हता, पण त्याहून वाईट असं काहीतरी होतं. तिला जे हवं होतं ते इतकं साधं होतं. एक हात, एक गाल. मी नजर वळवली.

जून उजाडला तेव्हा वैजयंती वाशीला राहायला आली. शाळा तिने सोडली नाही, रोज पूल ओलांडून जायची आणि मला शिव्या घालायची.

आणि दर वर्षी फाल्गुनात, होळीच्या आधीच्या आठवड्यात, गोजराबाई पाटीच्या तळातून पुडकं काढायची. मी स्क्रू ढिला करून जुना बल्ब काढायचो, नवा बसवायचो, रिंगांना योग्य ते ग्रीस लावायचो आणि तिला दटावायचो की कुंकू वरून लाव, नळीत नाही. मग बादली. गोळी भिजू नये म्हणून आता पिस्तूल न बुडवता नळीच्या तोंडाला रबरी ट्यूब लावून तिचं टोक पाण्यात धरायचो. ती बादलीशी उकिडवी बसून पाण्यात बघायची. मी म्हणायचो, धरतंय. ती पुडकं बांधून निघायची. रावसाहेब गेल्यावर त्यांचा बल्बांचा डबा आमच्याकडे आला. पुढे गोटीरामही गेला. त्यानंतर नामा थाळी घेऊन अंगणात उभा राहिला नाही, आणि तिला कुणी काही विचारणारंही उरलं नाही. ती तरीही यायची. करावेच्या आजूबाजूला भराव पडू लागले, बंदरावर जायची वाट बदलली, बेलापूरच्या विधुराने दुसरी बायको केली. गोजराबाई दर धुळवडीला कोरी राहिली.

शेवटची आली तेव्हा तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. वैजयंतीने तिला चहा दिला. मी पिस्तूल उघडून ठेवलं होतं, नळीतली गोळी तशीच आत होती, मी ती कधी हलवली नव्हती. गोजराबाई कपबशी हातात धरून म्हणाली, "मिस्त्री, आतली गोली सुकली आसल ना आता?"

वैजयंती माझ्याकडे बघू लागली. त्या अंगणातली हमी सोडली तर मला खोटं बोलता येत नाही, त्यापायी मी एक बढतीही घालवली आहे.

"असेल," मी म्हणालो. "काढून बघू?"

"नको," ती म्हणाली. "सुकली आसली तरी त्याचीच हाय. तुमी बुडबुडे बगा."

मी बादली नळाखाली लावली.